पवनीत वाजते, इथं भनभनते

मु. पिंपळटोला, ता. लाखांदूर
६ ऑक्टोबर, सोमवार

हर्षाच्या बाबाले,

हा रेडिओ तुमी दुरुस्त केला का त्यात आग्या मोहोळ बसवून पाठवलं, ते पहिले सांगा. शुक्रवारी शेजारच्या मंगरूनं पवनीहून आणला. बसमध्ये मांडीवर घेऊन बसला होता बिचारा. कंडक्टर म्हणे, एवढं लाडाचं आहे तर अर्धं तिकीट काढा. पोत्यातून काढला तेव्हा पालिश पाहून माझंही तोंड उघडं राहिलं, खोटं कायले बोलू. जाळीचं कापड नवीन, बटनं पिवळी धम्मक, काच अशी की तिच्यात मले माझे पांढरे केस मोजता आले. मामाजीले, तुमच्या बापाले, आता काहीच दिसत नाही. त्यायनं नुसता हात फिरवला अन् म्हणाले, "हे माझ्या भैय्यालालचंच काम." मग लावला. आतले काचेचे वॉल गरम झाले, तो हिरव्या दिव्याचा डोळा उघडला, नागपूर लागलं, अन् लागलं म्हणता म्हणता भन्न्न्न. बातम्यावाली बाई आत कुठंतरी बुडून राहिली अन् वरून भनभन. मामाजी कान लावून बसले, मग कान काढून बसले.

सोबत तुमची चिठ्ठी. "माझ्या दुकानात तीन दिवस चालवून पाहिला. आवाज स्वच्छ. तिथे भनभन आल्यास अर्थिंग पाहणे. न जमल्यास बाबाला व रेडिओला दोघांना पवनीला पाठवून देणे." पाहणे. देणे. चिठ्ठी आहे का दुकानाची पावती? सहा वर्षांनी पहिल्यांदा दोन ओळी लिहिता, अन् त्यात माझं नाव नाही. बरं ते राहू द्या. पण मामाजी काय धानाचं पोतं आहेत का, रेडिओसोबत दोरीनं बांधून एसटीवर टाकाले?

अन् मंगरूनं ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली. त्याले अक्कल कमी, आवाज जास्त. मामाजीनं ऐकलं. म्हणाले, "दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत पाहू बाई. नाहीच जमलं तर मी जातो भैय्यालालकडे. डोळे गेले, आता कानच तेवढे राहिले माझे."

 चुलीवर भात होता, तो लागला. लागलेला भात मी खाल्ला, वरचा त्यायले वाढला.

तुमाले सांगून ठेवते. सहा वर्षं डोळ्यात दवा मी टाकली. आंघोळीचं पाणी मी काढलं. रात्री खोकला आला की मी उठली. तुमचे बाप आहेत हे मले माहीत आहे, पण या घरात आता आमी दोघंच आहो. ते गेले तर मी काय भिंतीशी बोलू? म्हणून हा रेडिओ इथंच, याच घरात साफ वाजला पाहिजे. काय करायचं ते लिहून पाठवा, मी करते.

मंगरू विचारते, वहिनी, फोन काहून नाही करत जी? त्याले काय सांगू. तुमाले माहीत आहे. मी देवीपुढं हातात दिवा घेऊन आण घेतली आहे, की या माणसाचा आवाज कानावर पडू देणार नाही. चिठ्ठीले आवाज नसते. मंगरू मंगळवारी अन् शुक्रवारी भाजी घेऊन पवनीले येते, त्याच्याच हातून उत्तर द्या. मी चौथी शिकली आहो, चुका काढत बसू नका.

अर्थिंगचं म्हणाल तर ते जागच्या जागी आहे. त्याले कोण हात लावते. दुसरं काही असेल ते सांगा.

चंद्रकांता


९ ऑक्टोबर, गुरुवार

हर्षाच्या बाबाले,

चिठ्ठी मिळाली. पुन्हा पावतीच. पण यावेळी निदान कामाचं लिहिलं.

तुमी लिहिलं, आवाजाचं बटन पूर्ण खाली करून कान लावणे. भनभन तरी राहिली तर दोष रेडिओच्या आत, म्हणजे कंडेन्सर, म्हणजे माझा. गेली तर ती बाहेरून येते. मी बटन खाली केलं अन् कान लावला. मनातून म्हणत होती, राहा गं बाई, राहा, एकदा तरी याचा दोष निघू दे. नाही राहिली. एकदम शांत. हे तुमाले लिहायचं नव्हतं, पण मामाजी बाजूले बसून आहेत. म्हणाले, "जे झालं ते लिही."

अन् एक. कंडेन्सर हा शब्द माझ्या घरात पुन्हा काढू नका. नवीन टाकले, चांगले टाकले, समजलं. त्याच्यापुढं नको.

मग तुमचं दुसरं. रेडिओ सोडून घरातली एकेक वस्तू बंद करून पाहणे. सांगाले सोपं आहे. मामाजी रेडिओपाशी बसले, मी घरभर पळत राहिली. पंखा बंद केला, "आहे." फ्रिज बंद केला, "आहे." मोबाइलचा चार्जर काढला, "थोडी कमी वाटते." सैपाकघरातला पांढरा बल्ब, तो सरकारी योजनेतला, तो बंद केला तर मामाजी एकदम म्हणाले, "हं! हं! आता बाई बोलते म्हणून समजते." पुन्हा लावला, भन्न. पुन्हा काढला, कमी. मग मी देवघरातला काढला, न्हाणीतला काढला. घरात अंधार गुडूप, चुलीचा तेवढा उजेड, अन् मामाजी खूश. त्यायचं काय, त्यायले उजेड असला काय अन् नसला काय. मी ठेचकाळून पाटीवर पडली, गुडघा फुटला.

एवढं करून अर्धी गेली. अर्धी तशीच. वरून तिच्यात आता दुसरा आवाज ऐकू याले लागला, टक, टक, टक, घड्याळासारखा. आधी भनभनीत झाकला होता. मामाजी म्हणाले, "हा आपल्या घरातला नव्हे." त्यायचे कान पोलिसात पाहिजे होते. मी अंगणात गेली, वाडीच्या कुंपणापाशी उभी राहिली. मंगरूच्या घराच्या मागं त्यानं नवीन झटका मशीन लावली आहे, रानडुकरांसाठी. तारेत करंट सोडते. तिचीच ती टकटक. मी हाक मारली, "मंगरू गा, ती मशीन दहा मिनिटं बंद कर." तो म्हणाला, "काहून जी?" मी म्हटलं, "रेडिओच्या पोटात तुझी मशीन बोलून राहिली." त्यानं बंद केली. टकटक गेली. भनभन आहेच.

म्हणजे टकटक मंगरूची, अर्धी भनभन बल्बची, अन् उरलेली अर्धी कोणाची ते तुमी सांगा. तुमी मिस्त्री आहा ना?

अर्थिंगचं पुन्हा विचारलं तुमी. एकदा सांगितलं ना, बराबर आहे.

चंद्रकांता


१३ ऑक्टोबर, सोमवार

हर्षाच्या बाबाले,

तुमच्या रेडिओपायी माझा शेजार मोडला. मंगरूनं मशीन दहा मिनिटांसाठी बंद केली होती ना, ती तो लावायचीच विसरला. त्या रात्री डुकरांचा कळप त्याच्या बांधीत घुसला. कापाले आलेला धान, लोळून लोळून चटईसारखा केला. सकाळी मंगलाबाई कमरेले पदर खोचून माझ्या दारात. "वहिनी, तुमचा रेडिओ मोठा का आमचं पोट मोठं?" मी म्हटलं, "मशीन तुझ्या नवऱ्यानं बंद केली, मी नाही." ती म्हणाली, "तुमच्याच सांगण्यावरून ना!" मी म्हटलं, "माझ्या सांगण्यावरून लावायचीही होती." तिनं दारापुढं थुंकलं नाही एवढंच. आता मंगरू तिच्या चोरून माझ्या चिठ्ठ्या नेते, मिरच्यांच्या पोत्याखाली लपवून. पन्नाशीतला माणूस, प्रेमपत्र नेत असल्यासारखा इकडंतिकडं पाहते.

तिले मी आपल्या कोठीतला पायलीभर धान नेऊन दिला, तिच्या अंगणात ठेवून आली. बोलली नाही, पण ठेवून घेतला.

आता मुद्द्याचं ऐका.

शनिवारी सकाळी मी घर सारवत होती. मामाजीनं रेडिओ लावला होता, बल्ब सारे बंद. भनभन चालूच. मी सारवता सारवता रेडिओच्या टेबलापाशी आली. हात ओले, पाय ओल्या जमिनीवर. टेबल सरकवाले म्हणून मागून हात लावला, तर माझं बोट त्या मागच्या स्क्रूले लागलं, तुमी ज्याले पितळी स्क्रू म्हणता, ज्याच्याखाली E काढलं आहे. अन् भनभन गेली.

गेली म्हणजे अशी गेली, जसं कोणी दार लावावं. बातम्यावाली बाई एकदम घरात येऊन बोलाले लागली. तिचा श्वास ऐकू आला. मामाजी बाजेवरून उठले. "काय केलं बाई? काय केलं?" मी घाबरून हात काढला. भन्न. पुन्हा लावला. शांत. काढला, भन्न. लावला, शांत. करंटबिरंट काही लागला नाही, मुंगीही चावली नाही. मामाजीनं तोंड असं केलं जसं हर्षाच्या जन्माच्या वेळी केलं होतं. म्हणाले, "काढू नको हात. बातम्या होऊ दे."

मी म्हटलं, "मामाजी, अर्धं घर सारवायचं आहे."

"घर कुठं पळून जाते. बातम्या पळून जातेत."

बातम्या झाल्या, मग बाजारभाव झाले, मग कोणत्यातरी साहेबानं धानावरच्या करप्याबद्दल सांगितलं. सारं मी एका बोटानं स्क्रू धरून उभ्यानं ऐकलं. करप्याचा साहेब चांगला बोलला, पण पाऊण तास! पाय सुजले. तेव्हापासून रोज हेच. संध्याकाळ झाली की मामाजी म्हणतेत, "बाई, येते का धराले?" जमीन ओली असली की चांगलं वाजते, म्हणून पायाखाली पाणी शिंपडून उभी राहते. पायातली चप्पल काढली नाही तर काहीच होत नाही, ते पाहिलं मी. काल गाण्याच्या कार्यक्रमात नाकाले खाज सुटली. डाव्या हातानं खाजवली, उजवा हलवला नाही. मी काय खांब आहो? मी काय तार आहो? या घरात एक बाई आहे का एक स्क्रू कमी होता म्हणून आणलेली वस्तू आहे?

मी हात लावल्यावर काहून जाते, याचं उत्तर पाहिजे. अन् हात न लावता कशी जाईल याचंही. दुसरं काही लिहू नका.

चंद्रकांता


१६ ऑक्टोबर, गुरुवार

हर्षाच्या बाबाले,

यावेळची चिठ्ठी पावतीपेक्षा लांब होती. दोनदा वाचली. मामाजीले वाचून दाखवली नाही, म्हटलं अक्षर लागत नाही.

तुमी लिहिलं, "तू हात लावल्यावर आवाज जातो, कारण तुझ्या अंगातून तो जमिनीत उतरतो. म्हणजे तिथे अर्थिंग नाही. मी बसवलेली तार कुठे आहे? पत्रा कुठे आहे? खरे कळवणे. नसेल तर भाऊबीज झाल्यावर गाडी पाठवतो, बाबाला इकडे आणतो. त्यांना रेडिओ ऐकू दे." पुढं नवीन ओळीत, "तू रोज उभी राहतेस हे वाचून बरे वाटले नाही."

बरं. खरं पाहिजे ना? घ्या.

पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. पाऊस आत जाऊ नये म्हणून टाकला आहे. वर दोन विटा ठेवल्या आहेत.

तुमी तो बसवला तेव्हा हर्षा तीन वर्षांची होती. न्हाणीच्या मागं कमरेएवढा खड्डा खोदला, तांब्याचा पत्रा उभा ठेवला, कोळसा अन् मीठ थरावर थर टाकलं. मले म्हटलं होतं, आंघोळीचं पाणी इथंच जिरू दे, ओल राहिली पाहिजे, ओल गेली की रेडिओ रडते. मी उन्हाळ्यात रोज एक गुंड पाणी वरून टाकायची. वीस वर्षं टाकलं. तुमच्या लक्षात नसेल, माझ्या आहे.

अन् उपटला तो कधी, हेही सांगते. तुमी घर सोडलं त्याच दिवशी, दुपारी.

त्या दिवशीचं तुमी कधी बोलले नाही, मीही नाही. आता लिहिते. त्याच्या आधीच्या आठवड्यात तुमी मले सांगून गेले होते, "भंडाऱ्याले कंडेन्सर आणाले जातो." मी डब्बा दिला. आंब्याचं लोणचं टाकलं. अन् तिकडं तुमी कचेरीत आपल्या पोरीच्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करून आले. आठ दिवसांनी लीलाबाईच्या नवऱ्यानं मोबाइलमध्ये त्या कागदाचा फोटो दाखवला. सहा घरच्या बाया जमल्या होत्या पापड लाटाले. त्यांच्यापुढं. लीलाबाई म्हणाली, "चंद्रकांताबाई, जावई जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहे म्हणे, पेढे कुठं आहेत?" माझ्या हातात लाटणं होतं.

गावाले वाटते, मी लग्नापायी चिडली. कैलाश दुसऱ्या जातीचा म्हणून चिडली. तुमालेही तसंच वाटते. मी कैलाशले वाईट म्हटलं का कधी? मी त्याले पाहिलंही नव्हतं तर काय म्हणू? कदाचित नाही म्हटलं असतं. आरडाओरडा केला असता, दोन दिवस जेवली नसती. तिसऱ्या दिवशी जेवली असती ना! मले सही येते. बँकेत करते, बचत गटाच्या वहीत करते. तिथं तीन साक्षीदार लागले. एक तुमी, एक कैलाशचा दोस्त, अन् तिसरा कोण? कचेरीसमोरचा पानठेलेवाला. पानठेलेवाला चालला. माय नाही चालली.

म्हणून मी म्हटलं, निघा. अन् तुमी थैलीत पकड, पेचकस भरून खरंच निघाले. माणूस एवढं ऐकते का? तीस वर्षांत माझं दुसरं काही ऐकलं नाही, नेमकं तेच ऐकलं.

तुमी वळणावर दिसेनासे झाले तेव्हा मी कुदळ घेतली. तार ओढून काढली, खड्डा खोदला, पत्रा उपटला. हाताले फोड आले. म्हटलं, या घरात याचं काहीच जमिनीत राहायले नको. मग दिवा लावून आण घेतली. दोन वर्षांनी घरकुलात नवीन न्हाणी झाली, जुनी पाडली, वर सिमेंट पडलं. रेडिओही तेव्हापासून मुका होता, म्हणून कोणाले काही समजलं नाही. तुमी तो चांगला केला नसता तर हे कधीच निघालं नसतं.

पत्रा विकला नाही. भंगारवाला दोनदा दारावर आला. त्याले म्हटलं, तो माझ्या कोंबड्यांचा आहे.

हे झालं खरं. मामाजीले कसं सांगू ते समजत नाही. त्यायले मी आजपर्यंत म्हणत आली, अर्थिंग बराबर आहे.

गाडी पाठवू नका. निदान मंडई होऊ द्या.

चंद्रकांता


२७ ऑक्टोबर, सोमवार

हर्षाच्या बाबाले,

दिवाळी झाली. भाऊबीज झाली. गाडी पाठवली नाही हे बरं केलं. उत्तरही पाठवलं नाही, हे बरं केलं नाही. मंगरू मंगळवारीही अन् शुक्रवारीही रिकाम्या हातानं आला. म्हणे, "भाऊ चिठ्ठी वाचून दुकानात बसून राहिले, काही बोलले नाही, मले चहा पाजला." चहाचं मी काय करू?

मामाजीले मी सांगितलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, बातम्या चालू असताना, स्क्रू धरल्या धरल्या. म्हटलं समोर तोंड पाहाले नको, तसंही त्यायले दिसत नाही, पण मले दिसते. म्हटलं, "मामाजी, अर्थिंग नाही. मीच उपटलं."

ते म्हणाले, "माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगते? त्या दिवशी मी पडवीत बाजेवरच होतो ना. कुदळीचा आवाज ऐकला. सत्तावीस घाव मारले तू."

मी म्हटलं, "मग सहा वर्षं बोलले काहून नाही? मागच्या पंधरा दिवसांत मी बल्ब काढत फिरली, गुडघा फोडला, मंगलाबाईशी भांडली, तेव्हा तरी बोलायचं!"

तर म्हणतेत, "विचारलं असतं तर तू रडली असती बाई. तुझ्या रडण्यापेक्षा भनभन बरी."

यांच्याशी कोण बोलेल? तुमी त्यायचेच पोर आहा, हे मले त्या क्षणी पक्कं समजलं. बाप बोलत नाही, पोरगा बोलत नाही, अन् बोलणारी मी एकटी, तर मी भांडखोर.

मग आमी पत्रा काढला. कोंबड्या दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. विटेनं घासला, चकचकीत निघाला. मंगरूनं तुळशीच्या मागं खड्डा खोदला. मंगलाबाई कुंपणापाशी उभी राहून पाहत होती, शेवटी तिनंच आतून फावडं आणून दिलं, "हे घ्या, त्या कुदळीनं उद्यापर्यंत खोदाल" म्हणून. तेव्हा आमचं बोलणं सुरू झालं. पत्रा पुरला, तार जोडली, खिडकीतून आत घेतली, स्क्रूले बांधली. रेडिओ लावला. भन्न्न्न. जशीच्या तशी. मंगरूनं डोक्यावरची टोपी काढून आपटली.

मी पुन्हा जाऊन स्क्रू धरला. काय करणार? बातम्यांची वेळ झाली होती.

अन् तेव्हा त्या मंगरूनं काय केलं! मले न विचारता तुमाले फोन लावला. मी स्क्रू धरून उभी, अन् हा मोबाइल घेऊन माझ्या कानापाशी येते, "बोला वहिनी, भाऊ आहेत." मी दोन्ही कानात बोटं घातली. स्क्रू सुटला, रेडिओ भनभनाले लागला, मामाजी ओरडले, "बाई, हात!" मंगलाबाई खिदळत सुटली. त्या गोंधळात, बोटांतून, भनभनीतून, तुमचा एक शब्द माझ्या कानात शिरलाच.

"मीठ."

मीठ टाकलं का, असं विचारत होते तुमी. सहा वर्षांनी नवऱ्याचा आवाज ऐकला अन् शब्द कोणता, तर मीठ. आण मोडली ती मिठापायी. दुसऱ्या दिवशी देवीपुढं नारळ फोडला, माफी मागितली. देवी काही बोलली नाही. तीही तुमच्याच घराण्याची दिसते.

मीठ नव्हतं टाकलं. पुन्हा उकरलं. चुलीतला कोळसा, अडीच किलो खडे मीठ, थरावर थर, मले आठवलं तसं. वरून चार गुंड पाणी. अन् गेली. सारी नाही, अर्ध्याच्या वर गेली. मामाजीनं माझा हात स्क्रूवरून काढून पाहिला, पुन्हा ठेवून पाहिला. म्हणाले, "आता तू बसू शकते." मी बसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा गाणं बसून ऐकलं.

पण दुपारपर्यंत ती जागा सुकते. तिथं मुरूम आहे, पाणी खाली पळून जाते, संध्याकाळी पुन्हा भन्न. म्हणजे मी पुन्हा उभी. मामाजी रोज विचारतेत, "भैय्यालालनं काही कळवलं का? मंडईनंतर जायचं का नाही, ते मले ठरवू दे." थैली भरून ठेवली नाही अजून, पण धोतरं कुठं आहेत ते विचारलं परवा. समजलं का तुमाले?

तर आता हे ऐका. नवीन न्हाणीचं पाणी पाइपातून मागं कुठं जाते, ओल कुठं राहते, पत्रा कुठं लागला पाहिजे, हे चिठ्ठीत लिहून होणारं काम नव्हे. मंगरूच्या हातूनही होत नाही, माझ्याही. ज्यानं पहिल्यांदा बसवला त्यानंच येऊन बसवायचा. रविवारी, दोन तारखेले, आपल्या गावची मंडई आहे. दंडारीचा नाच आहे, रात्री नाटक आहे. मंडईले पाहुणे येतेत, तसे या. थैलीत पकड, पेचकस आणा. गेले होते त्याच थैलीत.

अन् एकटे येऊ नका. मंडईले लेक माहेरी येते. माझी सहा मंडया आली नाही, कारण मी बोलावलं नाही. आता बोलावते. हर्षाले सांगा, माय म्हणते ये. जावयालेही आणा. फॅक्टरीत सुट्टी मिळत नसेल तर ती त्यानं काढायची, हे माझं काम नाही. त्याले काय आवडते ते लिहून पाठवा, मले माहीत नाही. त्याले पाहिलंही नाही मी अजून, त्या कागदाच्या फोटोतली सही तेवढी पाहिली. अक्षर चांगलं आहे.

अट एकच. जे काही करायचं, ते मले सांगून करायचं. पत्रा पुराले खड्डा कुठं खोदायचा, तोसुद्धा. न विचारता पुन्हा काही केलं तर यावेळी पत्रा खुराड्यावर जाणार नाही, सरळ बोडीच्या पाण्यात जाईल, अन् मग शोधत बसा बेडकांमध्ये.

मंगरू शुक्रवारी, एकतीस तारखेले, पाचच्या गाडीनं उतरते. मी फाट्यावर उभी राहणार नाही, पण अंगणात असेन. त्याच्या हातात तुमच्या अक्षरात 'हाव' का 'नाही', एवढं एक पाहिजे. पाहणे, देणे, कळवणे नको. फोनही चालेल आता, आण तर मोडलीच आहे. पण फोनवर मीठ सोडून दुसरं काही बोलायचं.

शुक्रवारपर्यंत संध्याकाळी बातम्यांले मी स्क्रू धरते. शनिवारी धरणार नाही.

चंद्रकांता